उकळत्या कुंडातला धागा

पैजेवर सांगतो, कुणाचाही विश्वास बसणार नाही... पण मुठीतली ही बोटभर नळी, निळ्या झाकणाची, रिकामी, धाकूनानांना वरवंट्यासारखी जड लागत होती. लेक भावना, मुंबईत सूक्ष्म जीवांवर संशोधन करणारी, सकाळी नळी हातात देऊन म्हणाली, "दुपारी येऊन मी पाणी भरते. तोवर देवीच्या वरच्या उकळत्या कुंडात ब्लीचिंग टाकू देऊ नका. आणि बाबा, पदरचं काही घालू नका."

पदरचं! किहीमच्या किनाऱ्यावर नारळ फोडणारा मासा ज्यानं पाहिला – पाहिलाच – त्याला ही अट. आणि देवस्थानचा शिवदास तर जत्रेआधीच्या सफाईला ब्लीचिंगचं पोतं घेऊन काठावर हजर.

नानांनी खरं तेच सांगितलं. जिथे हात सोलून निघेल अशा पाण्यात जीव राहतात, त्यांनाही रोग जडतो. तो रोग म्हणजे एक विषाणू, नुसता धागा, दोन्ही टोकांना चिमटे, त्या चिमट्यांनी जिवाच्या केसांना धरणारा. दुसऱ्या देशांतल्या कढत झऱ्यांत सापडलाय, इथेही असेल...

"चिमटे?" शिवदास हसला. "मंग कापडं बी वाळत घालत असंल की, नाना!"

माशाच्या गोष्टीला यांनीच टाळ्या दिल्या होत्या – आणि जन्मात एकदा मी खरं घेऊन आलो, तर हे दात काढतात. भावनानं मागे नेलेल्या पाण्यात काही निघालं नाही, वाटेत ते गारठलं; या खेपेला नाही मिळालं तर तिचं काम बंद होणार, आणि ब्लीचिंग पडलं की मिळणार काय, कपाळ? खऱ्यात 'असेल' असतं, तिथेच घात होतो. खोट्यात कधी असतं का 'असेल'?... शिवदास पोत्याची दोरी सोडू लागला.

"काल मी बगितला," नाना बोलून गेले. "हातभर, पांढरा. तळातनं वर आला, माझ्याकडं बगितलं न् परत खाली गेला. देवीच्या अंगाचं सूत हाय ते, शिवा. त्याच्यावर औषध वतशील?"

शिवदासचा हात थांबला. त्यानं कुंडाकडे पाहिलं, मग हळूच, चोरून, पायातल्या चपला काढल्या. नानांची जीभ सैल झाली – आता आणखी एक वाक्य, एकच –

"बाबा, खोटं आहे हे," पाणी भरायला आलेली भावना मागून म्हणाली. "तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही."

कुणासाठी हे खोटं, अगं, कुणासाठी... नाना रागानं वळले. पुढचं वाक्य मात्र, जन्मात पहिल्यांदा, आलं नाही.