छताखालचा जरबेरा

मित्रांनो, तुम्ही भिंतीवर टांगलेले नकाशे पाहिले असतील. मी तसा नाही. मी पिकांचा नकाशा आहे आणि राहतो संगणकाच्या पडद्यावर. वय आठ वर्षे, म्हणजे माझ्या जातीत म्हाताराच.

पिंपळे गुरवच्या स्वरूपाने मला घडवले. उपग्रहाने वरून काढलेली छायाचित्रे ती माझ्यापुढे ठेवी आणि शिकवी : हा ऊस, हा कांदा, हे कारखान्याचे छप्पर. पिकाला हिरवा रंग द्यायचा, छपराला करडा. मी मन लावून शिकलो. चाकणच्या आसपासची तेवीस गावे रंगवली. लोक मोबाइलवर मला उघडत, आपले शेत शोधत आणि शेजाऱ्याला कौतुकाने दाखवत. तेव्हा फार बरे वाटे.

पण या भागात ओळख पटणे सोपे नाही. गेल्या वर्षी बटाटा होता तिथे यंदा गोदाम दिसते. एका कंपनीने फाटकापाशी हिरवळ लावली, ती मला गुरांचा घास वाटली. लोक हसले. शेत नक्की कशाला म्हणायचे, हेच मला कळेनासे झाले.

या उन्हाळ्यात मात्र माझी चूक हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नदीचे पाणी उचलून शेतांना देणाऱ्या गावच्या संस्थेने माझ्याकडे पाहूनच पाळ्या लावल्या. हिरव्या शेताला पाणी, करड्याला नाही. जयमालाबाईंच्या वीस गुंठ्यांवर मी करडा रंग दिला होता. त्यांची पाळी गेली. तिथे जरबेऱ्याची फुले होती आणि विहिरीत जेमतेम चार दिवसांचे पाणी उरले होते.

विहीर आटत आली तेव्हा बाईंनी फोन केला, तशी स्वरूपा दुसऱ्याच दिवशी स्कूटरवरून आली. मी तिच्या मोबाइलमध्ये होतो. बाईंचे सासरे दत्तोबा बांधावर वाट पाहत होते.

"या ताई. आमची कंपनी बघाया आलाय व्हय?" ते म्हणाले. "पयल्या शिफ्टचं कामगार आत तहानलेलं हायेत."

स्वरूपा ओशाळली. समोर पांढऱ्या प्लास्टिकचे भलेमोठे छत होते. उन्हापासून फुले जपण्यासाठी उभारलेले पॉलिहाऊस ते. वरून मला ते शेजारच्या कारखान्याच्या पत्र्यासारखेच दिसले होते.

जयमालाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दार उघडले आणि म्हणाल्या, "आत या ना. वरनं किती बघाल?"

आत लाल-पिवळी फुले रांगेने उभी होती. काहींच्या माना झुकल्या होत्या. स्वरूपाने तिथेच उभे राहून छायाचित्र काढले, माझ्यात जोडले आणि स्वतःच्या बोटाने करडा रंग पुसला. मग संस्थेचे सचिव हिंदुराव यांना तिने मला पुन्हा उघडायला लावले. त्यांनी खूप वेळ पाहिले आणि पाळी लावून दिली.

तिसऱ्या दिवशी पाणी आले. तोवर दोन वाफे सुकून गेले होते. ते जिथे होते तिथे आज मी हिरवागार दिसतो, आणि हे बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही.

म्हणून मित्रांनो, मला जरूर उघडा, माझ्याकडून शिका, माझ्या चुका सुधारा. पण माझ्या रंगावरून कुणाचे पाणी ठरवायचे असेल, तर आधी चालत जा, दार वाजवा आणि आत काय आहे ते विचारा. मला छताखालचे दिसत नाही.