चेन माझ्याच पायाखाली पडते

दादा चालवायचा तेव्हा सायकलीची चेन पडत नसे. मी चालवायचे तेव्हा पडे.

सायकल दादानेच जुळवली होती. माळ्यावर धूळ खात पडलेली जुनी डोंगरी सायकल खाली काढून त्याने तिचे सगळे गिअर, वायरी आणि चेन ताणून धरणारा मागचा हात काढून टाकला. मागे एकच दातेरी चाक बसवले, बारीक टायर घातले, फ्रेम गडद हिरवी रंगवली. पुढचे दातेरी चाक मात्र मूळचेच ठेवून आरशासारखे घासले. काम नेटके होते, हे मान्य करायला हवे. तोवर मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत दादाच्या स्कूटरवरून जात असे, म्हणजे त्याची आंघोळ, त्याचा पेपर आणि त्याचा मूड उरकल्यावर. या सायकलीमुळे मी माझ्या वेळेला निघू शकणार होते.

चेन पडली ती चौकातल्या सिग्नलला. दुसऱ्या दिवशीही तिथेच. माझे काळे हात पाहून साहेबांनी मला नमुन्यांपासून लांब उभे केले.

संध्याकाळी दादाने गल्लीत ऐटीत एक चक्कर मारली.

"बघ, लोण्यासारखी चालतेय. खोट सायकलीत नाही, चालवणारीत आहे."

"काय चुकतं माझं?"

"मी काय सांगणार? पाय तुझे. रविवारी भंगारात देऊन टाकतो. स्कूटर आहेच."

ते 'आहेच' मला झोंबले. प्रयोगशाळेत दोघांची मापे जुळली नाहीत, तर आधी उपकरण तपासतात. घरात आधी बहीण तपासतात.

मी वहिनीकडे नेलपॉलिश मागितले.

"अगंबाई! कुणासाठी एवढं?"

"चेनसाठी."

चेन जिथून सुटे, तिथल्या दातावर मी लाल ठिपका देऊ लागले. ठिपके पुढच्या चाकावर ठरावीक जागीच जमले. आणि दर वेळी मी एकच गोष्ट करत होते: सिग्नलला थांबल्यावर उजवे पेडल वर आणण्यासाठी ते उलटे फिरवत होते. गल्लीत दादा थांबतच नसे.

"म्हणजे चूक तुझीच!" दादा उसळला. "उलटं फिरवायचंच कशाला?"

"मग सिग्नलवरून निघायचं कसं? तू कसा निघतोस?"

"स्कूटरने!"

"अहो, स्कूटरला पेडल असतं का?" वहिनी म्हणाली.

मी त्याला सायकलीवर बसवले. "थोडा पुढे जा. थांब. आता उलटं फिरव."

खडखड झाली. चेन लोंबली आणि दादाच्या फिकट पँटवर काळा पट्टा उमटला.

"आता कुणाचे पाय तपासायचे?" वहिनीने विचारले.

दादा गुडघ्यावर बसला. ठिपक्यांखालचे दात इतरांपेक्षा तोकडे होते.

"झिजलेत," तो पुटपुटला.

"झिजले असते तर सगळे झिजले असते," मी म्हणाले.

त्याने तोकड्या दातांवरून बोट फिरवले. कडा एकसारख्या, कारखान्यात कापलेल्या होत्या. माफी त्याने मागितली नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण उंचीच्या दातांचे नवे चाक आणून बसवले. त्यानंतर चेन पडलेली नाही, आणि मी उलटे पेडल फिरवणे सोडलेले नाही.

कारण असे: गिअरच्या सायकलीत चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सहज सरकावी, म्हणून पुढच्या चाकाचे काही दात मुद्दाम आखूड ठेवतात. चेन ताणून धरणारा हात दादाने काढला, चेन सैल राहिली. चेन सोडण्यासाठीच घडवलेले चाक मात्र त्याने दिसायला छान म्हणून ठेवले. पेडल उलटे फिरले की सैल चेन त्या दातांवरून निसटे. पाय कुणाचे आहेत, याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.