भोपळ्याची झोळी

दोन्ही हात पुढे करा बरं. ओंजळ करा. आता असं समजा, की त्या ओंजळीत एक गिनीपिग बसलाय. तपकिरी, उबदार, मिशा सारख्या हलवणारा. गुदगुल्या होताहेत ना? आता अंगठ्यानं हलकेच त्याची पाठ चाचपा. मऊ केसांखाली कंगव्याचे दात लागावेत तशी हाडं लागताहेत. लागली? मग बिट्टीला एवढी काळजी का लागली होती, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बिट्टी नऊ वर्षांची आणि तिचा गिनीपिग सहा वर्षांचा. गिनीपिगांमध्ये सहा वर्षं म्हणजे चांगलं आजोबांचं वय. त्याचं नाव भोपळा. पूर्वी ते नाव त्याला शोभायचंही. पण मागच्या महिन्यात त्याची दाढ वाढली आणि जिभेला टोचू लागली. त्यानं खाणंच सोडलं. डॉक्टरबाईंनी दाढ घासून नीट करून दिली खरी, पण तोवर भोपळ्याचा पार दोडका झाला होता.

"तोंड आता बरं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "पण दुखलेलं त्याच्या लक्षात आहे, म्हणून तो चावायला घाबरतो. गवताच्या गोळ्या भिजवून पातळ लगदा करा आणि बिनसुईच्या पिचकारीनं दिवसातून चार वेळा भरवा. रोज सकाळी खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. शनिवारी मला दाखवा. वजन वाढत नसेल, तर त्याला इथे ठेवून घ्यावं लागेल."

इथे म्हणजे दवाखान्यातल्या पिंजऱ्यात. शेजारच्या पिंजऱ्यात एक कुत्रा घसा फाटेपर्यंत भुंकत होता, ते बिट्टीनं पाहिलं होतं. आणि भोपळा तर घरात डब्याचं झाकण पडलं तरी तासभर लपून बसणारा!

बिट्टीची आई शिवणकाम करायची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भोपळा काही केल्या स्वस्थ बसेना, तेव्हा तिनं उरलेल्या कापडाची एक छोटी झोळी शिवली. झोळीत घातला की स्वारी गप्प. रिकाम्या झोळीचं वजन भरलं बासष्ट ग्रॅम. काट्यावरच्या आकड्यातून बासष्ट वजा केले की उरलेला भोपळा.

सोमवारी उरला सातशे नव्वद. मंगळवारी सातशे त्र्याण्णव. आणि बुधवारी आठशे सव्वीस!

"आई! मामा! तेहतीस ग्रॅम वाढला!"

बिट्टीचा मामा बस चालवायचा. पहाटेची पाळी करून तो दुपारी घरी यायचा, तेव्हा दुपारचं भरवणं त्याच्याकडे होतं. त्या दिवशी त्याची उशिराची पाळी होती, म्हणून तो चहा पीत निवांत बसला होता. "एका दिवसात तेहतीस?" तो म्हणाला. "हा गिनीपिग आहे की फुगा? चला, माझी सुटका झाली. आजपासून दुपारचं भरवणं बंद. परवा त्यानं अर्धा लगदा माझ्या गणवेशावर थुंकला. काल बसमधले लोक विचारत होते, ड्रायव्हरसाहेब, पालक खाल्लात का?"

सगळे हसले. दुपारचं भरवणं बंद झालं.

गुरुवारी सकाळी वजन भरलं आठशे तेवीस. तीन ग्रॅम कमी. "तेवढं चालायचंच," आई म्हणाली. पण शाळेतून आल्यावर बिट्टीनं भोपळ्याला मांडीवर घेतलं आणि अंगठा पाठीवरून फिरवला. कंगव्याचे दात जसेच्या तसे! मग तेहतीस ग्रॅम चढले कुठे? तिनं पोट चाचपलं, मान चाचपली. शेवटी झोळी हातात घेतली. झोळी गुबगुबीत लागत होती.

तिनं रिकामी झोळी काट्यावर ठेवली. चौऱ्याण्णव.

"आई, तू झोळीला काही केलंस का गं?"

"अगं हो, मंगळवारी आतून अस्तर लावलं. थोडा कापूस घालून. काटा किती गार लागतो! म्हातारं माणूस ते, कुडकुडत होतं." आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. मग मशीन थांबलं. "अगो बाई! म्हणजे वजन माझ्या अस्तराचं वाढलं?"

"बत्तीस ग्रॅम," बिट्टी म्हणाली.

मामा दारात बूट काढत होता. तो तसाच, एका पायात बूट घालून, आत आला. "आण ती पिचकारी," तो म्हणाला. "आणि माझा जुना शर्ट दे. आज थुंक बाबा, हवं तेवढं थुंक."

बिट्टीनं वही उघडली. आठशे सव्वीस हा आकडा दिसायला किती छान होता! तो तसाच राहू दिला, तर शनिवारी डॉक्टरबाई खूश झाल्या असत्या, आणि भोपळा पिंजऱ्यात गेला नसता. पण मग दुपारचं भरवणं चालू ठेवा, असंही त्या म्हणाल्या नसत्या. तिनं दोन्ही आकड्यांवर रेघ मारली आणि खाली लिहिलं: सातशे चौऱ्याण्णव, सातशे एक्क्याण्णव.

आईला मात्र चैन पडेना. तिनं कापडाची कात्री बाजूला ठेवून स्वयंपाकघरातली घेतली आणि ढोबळी मिरचीच्या फिती कापायला लागली. अगदी दोऱ्यासारख्या बारीक, बाहीच्या कडेला लावाव्यात तशा. "चावायला भीती वाटते ना तुला? मग चावूच नको, नुसतं ओढ." भोपळ्यानं एक फीत हुंगली, तोंड फिरवलं, पुन्हा हुंगली. आणि मग ती हळूहळू आत जायला लागली.

शुक्रवारी भरले सातशे शहाण्णव. शनिवारी डॉक्टरबाईंनी त्याला झोळीबिळीत न घालता त्यांच्या काट्यावरच्या पेटीत ठेवलं. आठशे तीन.

त्यांनी वही पाहिली. "या रेघा कसल्या?"

बिट्टीनं एका दमात सगळं सांगितलं. आईनं मध्येच "चूक माझी हो," असं म्हटलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी बिट्टीच्या हातातली फीत घेऊन भोपळ्यापुढे धरली. एवढ्या परक्या वासांत, कुत्र्याच्या भुंकण्यात, त्यानं ती ओढून घेतली आणि करकर चावली.

"वाढ थोडी आहे, पण खरी आहे," त्या म्हणाल्या. "आणि आता तो स्वतः खातोय. न्या घरी. दुपारचं भरवणं चुकवू नका, आणि पुढच्या शनिवारी या."

"माझे शर्ट संपणार," मामा म्हणाला, पण भोपळ्याचा खोका सगळ्यात आधी त्यानंच उचलला.

घरी आल्यावर बिट्टीनं आईची छोटी कात्री मागून घेतली. झोळीच्या अस्तराचे टाके एकेक करून उसवले, आणि ते मऊ अस्तर भोपळ्याच्या खोक्यात, त्याच्या लपायच्या कोपऱ्यात अंथरलं. तो लगेच त्यावर जाऊन पसरला. मग रविवारी सकाळी, भोपळ्याला उचलण्याआधी, तिनं रिकामी झोळी काट्यावर ठेवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली.