नदीच्या अलीकडून

"अहो, निघायचं ना? जागा जाईल आपली!" फुसाएनं दारातून तिसऱ्यांदा हाक मारली.

इवाओ अजून चपलांशीच झटत होता. गेली चव्वेचाळीस वर्षं या दिवशी तो गवताच्या चपला बांधून, निळा अंगरखा चढवून दुपारीच नदीपलीकडच्या मैदानात पसार झालेला असायचा. हिनोसावा गावातल्या त्या मैदानात सणाला सत्तर फुटी खांब उभा राहतो. त्याच्या टोकावर सुका पाला खच्चून भरलेली बांबूची टोपली असते आणि गावातले पुरुष खालून पेटते पलिते भिरकावून ती पेटवतात. इवाओचा पलिता सगळ्यांच्या आधी टोपलीत पडला, असं आठ वेळा झालेलं. पण यंदा चेरी फुलली होती तेव्हा त्याची आई गेली, ब्याण्णव वर्षांची होऊन. घरात वर्षाचं सुतक. सुतकात सणाच्या विस्तवाला हात लावायचा नसतो, मैदानात पायही ठेवायचा नसतो. नदीच्या अलीकडे बसून बघितलं तर कुणाची हरकत नाही.

म्हणून जाणता झाल्यापासून आज पहिल्यांदाच स्वारी बायकोबरोबर प्रेक्षक म्हणून निघाली होती, आणि बायको धास्तावली होती.

त्याला कारण होतं. दरवर्षी इवाओ घरी यायचा तो राखेनं माखलेला, भुवया होरपळलेल्या, आणि दारातच विचारायचा, "माझा पाहिलास?" फुसाए म्हणायची, "पाहिला तर!" मग तो खुशीत येऊन विचारायचा, "तो डावीकडून वळून गेला, तोच ना?" आणि ती म्हणायची, "तोच तो!" खरी गोष्ट अशी, की नदीच्या अलीकडून कुणाचा पलिता कुठला ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. अंधारात नुसते लाल ठिपके गरगरत वर जातात आणि खाली येतात, बस्स. चव्वेचाळीस वर्षं न चुकता थाप मारली होती तिनं, आणि आज ती उघडी पडणार होती.

वाटेत तिनं एक प्रयत्न करून पाहिला. "आपण पुलावरच बसू या का? तिथून गार वारा लागतो."

"पुलावरून काय दिसणार? तू दरवर्षी सांगतेस त्या दगडावरच बसायचं. तिथून सगळं स्पष्ट दिसतं म्हणतेस ना?"

"म्हणते खरी," फुसाए पुटपुटली.

दगडावर शेजारची तामिए आधीच ऐसपैस बसली होती. कमरेला डास पळवणाऱ्या उदबत्तीची डबी, मांडीवर उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगांचं भांडं. तिचा नवरा किहेई पलीकडे मैदानात होता. इवाओला पाहून ती सरकली. "या या, भावजी! आज आमच्यात? शेंगा सोलायला बसा."

"सोलतो की," इवाओ म्हणाला, पण त्याचं लक्ष शेंगांत नव्हतं. उजवा खांदा आपोआप हलत होता.

तेवढ्यात ढोल वाजला. पलीकडे एक ज्योत दिसली, मग दहा, मग शंभर. मैदानभर रोवलेल्या मशाली बघता बघता पेटल्या आणि नदीचं पाणीसुद्धा तांबडं झालं. इवाओ ताडकन उभा राहिला.

"अगं, हे... हे असं दिसतं?"

"खाली बसा हो, मागच्यांना दिसत नाही!" फुसाएनं त्याला ओढून बसवलं. तिला हसू आलं आणि भीतीही वाटली.

झांज घणघणली. पहिला पलिता गरगरत वर गेला, निम्म्यावरून परतला. मग एकदम पाच, सात, बारा. काठावरची माणसं प्रत्येकाबरोबर "जा, जा, जा!" करून ओरडत होती आणि पडला की "अर्रर्र!" करत होती. इवाओ मोठ्यांदा शिकवू लागला, "कंबरेतून! मनगटातून नाही, कंबरेतून फेका!" पलीकडे ते कुणाला ऐकू जाणार? तामिए हसून हसून शेंगा सांडत होती.

आणि मग शिकवणं सोडून तो डोळे बारीक करून बघू लागला. फुसाएला कळलं, आलं आता.

"किहेईचा कुठला गं?" त्यानं हळूच विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग माझा कसा ओळखायचीस?"

फुसाएनं बाही सारखी केली, कुठे बघावं ते तिला सुचेना. मग एकदाचं बोलून टाकलं. "नाही ओळखला कधी. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं, यांचा कुठला? त्या म्हणाल्या, ते विचारायचं नसतं. घरी आला की 'पाहिला' म्हणायचं. मीही त्याच्या वडिलांना तेच म्हणते, असंही म्हणाल्या."

"आईसुद्धा?"

"सासूबाईसुद्धा. आणि मी काय करायची सांगू? वर गेलेला प्रत्येक पलिता तुमचाच धरून ओरडायची. घसा बसायचा माझा दुसऱ्या दिवशी."

इवाओचे डोळे भरून आले होते, आणि फुसाएचेही.

"गेला! गेला! गेला!" तामिए किंचाळली. एक ठिपका सगळ्यांच्या वर चढला, टोपलीच्या काठावर क्षणभर घुटमळला आणि आत पडला. आधी नुसता धूर. मग भडका! काठावर एकच कल्लोळ उडाला. इवाओ दोन्ही हात वर करून नाचत होता आणि फुसाए त्याचा सदरा धरून नाचत होती. खांब जळत जळत कलला, धाडकन कोसळला, आणि ठिणग्यांनी डोंगर उजळला.

गर्दी पांगू लागली तेव्हा किहेई पुलावरून पळत आला. तोंड काळंठिक्कर, अंगरख्याला दोन भोकं. आधी बायकोकडे न जाता तो थेट इवाओसमोर उभा राहिला.

"दादा, माझा पाहिलात का? तिसऱ्या खेपेला फेकला तो?"



"पाहिला तर!" इवाओ म्हणाला. "काय फेकलास रे! थोडक्यात हुकला."

"थोडक्यातच!" किहेईचं तोंड उजळलं. "तुम्हीच एक ओळखलात बघा!"

तामिएनं तोंडावर पंखा धरला. फुसाएनं नवऱ्याकडे पाहिलं, तर तो खाली वाकून सांडलेल्या शेंगा गोळा करत होता.