येत्या हिवाळ्याची लाकडं

मेच्या शेवटी आयलिफ ट्रॅक्टरभर वाळलेली लाकडं घेऊन गुनवोरच्या दारात आला, तेव्हा तिला आनंदच झाला. ही तिसरी खेप. भाऊ असावा तर असा, असं ती शेजारणीलाही सांगून आली होती. ज्याची लाकडं नीट रचलेली, त्याचं सगळं नीट, असं त्या गावात सगळेच धरून चालतात. आणि आयलिफची रास तर भिंतीसारखी सरळ. मग त्याच्याकडे निरखून बघतंय कोण?

गुनवोर रचायला लागली. साल खाली करून तिने दोन ओळी लावल्या. याच चुकीवरून त्याने चाळीस वर्षं तिचं डोकं खाल्लं होतं. साल वर हवी, नाहीतर पाणी मुरतं. आज तो बघत होता आणि काही बोलत नव्हता. तिने मुद्दाम तिसरी ओळही तशीच लावली. तरी नाही.

"नवी लाकडं फोडलीस ना रे?" तिने विचारलं. "आत्ता फोडली नाहीत तर वाळणार कधी? येत्या हिवाळ्यात जाळशील काय?"

"मला नाही लागणार, ताई."

तिने हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याची सैल पडलेली विजार दोरीने बांधलेली होती. पहाटे तीनलाच जाग येते, असं तो मागे म्हणाला होता. दरवर्षी झेंडा धरणारा हा माणूस यंदा सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीला फिरकलाही नव्हता. कुऱ्हाड त्याने भाच्याला देऊन टाकली होती. थकलाय, म्हणून तिने सोडून दिलं होतं. कसला थकवा, थकलेला माणूस झोपतो तरी. तिला स्वतःचाच संताप आला.

त्यांच्या घरात असलं कुणी कुणाला विचारत नसे. हवेबद्दल बोलत.

"आयलिफ, जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

तो हातमोज्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो."

"कधी?"

"लाकडं देऊन झाली की. अजून एक खेप राहिलीय."

गुनवोरने ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली. मग तिने डॉक्टरांना फोन लावला. "माझा भाऊ जीव द्यायचं ठरवून बसलाय. आत्ता घेऊन येते."

"सोमवारी गेलो तर?" आयलिफ म्हणाला. "त्यांना उगाच त्रास."

"आत्ता. बस गाडीत."

तो बसला. पट्टा तिनेच लावला. वाटेत ती बोलतच राहिली, कारण गप्प बसायची तिला भीती वाटत होती. "ती शेवटची खेप तिथेच राहू दे. आणि या तिन्ही मी तुझ्याकडे परत आणून टाकणार. मीच रचणार, माझ्या पद्धतीने."

पूल गेला, चर्च गेलं. तो काचेबाहेर बघत होता.

"साल वर, ताई," तो हळूच म्हणाला. "किती वेळा सांगायचं तुला."

गुनवोरला रडू फुटलं, पण तिने गाडी थांबवली नाही.