हातावर दही

फोन तांदळाच्या डब्याला टेकवून शुभदाबाईंनी दह्याच्या भांड्यावरचं झाकण काढलं. पडद्यावर ऋता केस बांधत होती. अमेरिकेत तिच्याकडे संध्याकाळ झाली होती. इथे सिंगापूरला, बिशानच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा उकळत होता.

"नाही गेलीस तर नाही का चालणार?"

"आई, कितव्यांदा विचारतेयस!"

ऋताच्या राज्यात नवा कायदा येऊ घातला होता. गावच्या पोलिसानेही रस्त्यात अडवून परदेशी माणसाकडे कागद मागावेत, असा. आज त्यावर सुनावणी होती आणि विरोधात बोलायला ऋताने नाव दिलं होतं. तिचं ग्रीन कार्ड अजून आलं नव्हतं.

"कागद असतील त्याने कशाला घाबरायचं?" सौमित्र दाराशी बूट चढवत म्हणाला. जुरोंग आयलंडला जाणारी कंपनीची बस त्याला गाठायची होती. "आणि आपण पाहुणे. यजमानांच्या भांडणात पडू नये."

"इतका राबणारा पाहुणा कुठे पाहिलायस का रे, दादा?"

"तोंड बघा हिचं!" सौमित्र म्हणाला.

शुभदाबाईंनी स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. सौमित्रच्या एम्प्लॉयमेंट पासच्या नूतनीकरणाचं उत्तर महिना होत आला तरी आलं नव्हतं. त्यांचं इथलं राहणंही त्याच पासवर. 'येईल गं, नुसती फॉर्मॅलिटी असते,' असं तो म्हणे, आणि जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवी.

"पोलीस असतील तिथे?"

"असणारच."

त्यांना साताऱ्याची शाळा आठवली. मैत्रिणीला उगाच शिक्षा झाली म्हणून आपणहून वर्गाबाहेर तिच्याशेजारी जाऊन उभी राहिलेली ऋता. घरी आल्यावर त्या तिला खूप रागावल्या होत्या. रात्री मात्र शिरा केला होता.

"दही आहे ना घरात?" त्यांनी विचारलं. "घे तळहातावर. असं नाही, आपलं आपण खायचं नसतं. मी देईपर्यंत थांब."

ऋताने दह्याचा हात पडद्यासमोर धरला. शुभदाबाईंनी भरला चमचा त्यावर नेला, क्षणभर धरला.

"हं, खा आता. आणि सावकाश बोल. भरभर बोललीस की तुझं कुणाला कळत नाही."

ऋता हसली, तिने डोळे पुसले. "येते गं, आई."

पडदा काळा झाला. चमच्यातलं दही तसंच होतं. ते भांड्यात परत टाकावं की काय, अशा विचारात त्या वळल्या, तर सौमित्र बुटांसकट आत आलेला. त्याने उजवा तळहात पुढे केला.

"अरे, तू तर रोजच जातोस."

तो डाव्या हाताने गळ्यातला पास शर्टाच्या आत सरकवत राहिला.

त्यांनी दही त्याच्या हातावर ठेवलं.

"साखर राहिली," त्या म्हणाल्या. "पण बस चुकेल तुझी."

"चुकू दे," सौमित्र म्हणाला, आणि हात तसाच पुढे धरून उभा राहिला.