पाण्याखालची फरशी

हसू नका, मित्रांनो. मी एक जुनी पत्र्याची बादली आहे, पण माझ्यात आजवर कुणी पाणी भरलेलं नाही. माझं बूड काचेचं आहे. मला होडीच्या कडेवरून समुद्रात अर्धी बुडवायची, माझ्यात तोंड घालायचं आणि खाली पाहायचं. एरवी लाटांच्या चकाकीने डोळे दिपतात. माझ्यातून मात्र समुद्राचा तळ लख्ख दिसतो.

नेपल्सजवळच्या बाया गावात एका पत्रेवाल्याने मला घडवलं. फुटक्या खिडकीची काच गोल कापून त्याने माझ्या बुडाला बसवली आणि कडेने राळ भरली. सुरुवातीची वर्षं मी ऑक्टोपस शोधण्यात घालवली. ते काम मला फारसं आवडलं नाही, कारण मी ज्याच्याकडे पाही तो संध्याकाळी लिंबू पिळून ताटात असे.

पुढे माझा मालक प्रोकोलो पाहुण्यांना होडीतून फिरवू लागला आणि माझे दिवस पालटले. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे बादशहा आणि बडे लोक उन्हाळा घालवायला आमच्या गावी येत. मग किनारा खचत गेला आणि त्यांचे बंगले हळूहळू समुद्राखाली गेले. त्यातल्याच एका दालनाची फरशी प्रोकोलोच्या वडिलांना सापडली होती. नखाएवढ्या काळ्या-पांढऱ्या दगडांची फरशी, कडेने लाटांची नक्षी आणि मधोमध ओळीने चाललेली बदकं! दगडी बदकांवरून खरे मासे पोहत जात. ती पाहताना माणसं बोलायची थांबत, आणि मला खरं सांगायचं तर दर वेळी माझाही ऊर भरून येई. माझं कौतुक कुणी करत नसे. काच स्वच्छ असली की ती कुणाला दिसतच नाही.

त्या जागेचं गुपित प्रोकोलोच्या घराण्याबाहेर कुणाला माहीत नव्हतं. होडीतून पाहताना चर्चचा मनोरा टेकडीवरच्या पाईनच्या झाडाआड लपला आणि किल्ल्याचा कोपरा लाल घराला टेकला, की तिथेच वल्ही थांबवायची. दोन खुणा आणि बस्स.

मग धक्क्यावर काचेच्या तळाच्या मोठ्या बोटी आल्या. प्रोकोलोकडे कुणी फिरकेना. त्याची बायको ओलिंपिया हिने मला बाल्कनीत टांगलं आणि कपड्यांचे चिमटे माझ्यात ठेवले. मला राग आला होता, लपवत नाही. पण तिच्यावर राग धरणं अवघड होतं. तिने तीस उन्हाळे एका हॉटेलात गुडघ्यांवर बसून फरश्या पुसल्या होत्या, आणि ती गुणगुणत कपडे वाळत घाली.

सप्टेंबरातल्या एका सकाळी दोघं डॉक्टरांकडून परतली. ओलिंपियाची नजर मधोमध पुसट होत चालली होती. नाताळपर्यंत माणसाचा चेहराही ओळखू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.  प्रोकोलोने माझ्यातले चिमटे धाडकन जमिनीवर ओतले.

"चल."

"कुठे?"

"फरशी दाखवतो तुला."

"जन्मभर फरश्याच पाहिल्या की मी! हौसेने दाखवायचं, तर तीही फरशीच?"

"ही वेगळी आहे गं."

"आणि चाळीस वर्षांत तुला आज आठवलं होय? जर्मन आले, जपानी आले, एका बाईच्या कुत्र्यालासुद्धा दाखवलीस!"

"उन्हाळाभर तू कामावर असायचीस."

"तू कधी विचारलंस?"

प्रोकोलो माझी काच बाहीने पुसू लागला.  ओलिंपियाने अर्धा कच्चा बटाटा आणून दिला, कारण बटाटा चोळला की माझी काच धुरकटत नाही. मग ती आत गेली आणि कानात रविवारची कर्णफुलं घालून आली.

आम्ही होडीतून निघालो आणि थोड्या वेळाने किल्ल्याचा कोपरा लाल घराला टेकला. प्रोकोलोने मान वळवून टेकडीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहराच उतरला. पाईनचं झाड नव्हतं. मागच्या हिवाळ्यातल्या वादळात ते पडलं होतं आणि त्यानंतर तो इकडे आलाच नव्हता. एका खुणेने दिशा कळते, जागा कळत नाही. तो पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. खाली नुसती वाळू. दक्षिणेचा वारा सुटू लागला होता. तो एकदा पाणी गढूळ करून गेला की वसंतापर्यंत काही दिसत नाही. आज नाही तर कधीच नाही, हे होडीतल्या आम्हा तिघांनाही कळत होतं.

ओलिंपिया मला दोन्ही हातांनी धरून मान तिरकी करून पाहत होती, कारण डोळ्यांच्या कडेनेच तिला नीट दिसे.

"थांब," ती म्हणाली.

"तिथे वाळू आहे."

"वाळूच आहे, पण तिच्याखाली सपाट आहे. फरशी मला शिकवतोस?"

सत्तर वर्षांच्या प्रोकोलोने शर्ट काढला आणि सरळ उडी मारली.

"अरे म्हाताऱ्या, वेड लागलं का तुला?"

तो बुडी मारून तळहाताने वाळू सारू लागला. आधी लाटांची नक्षी उघडी पडली, मग एक चोच. तो धापा टाकत वर आला.

"दिसलं?"

"डावीकडचा कोपरा राहिला."

तिने त्याला आणखी तीनदा खाली पाठवलं! मग मात्र माझ्या काचेवर आतून टपकन एक थेंब पडला.

"इथे दार होतं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"इथले दगड झिजलेत. आणि या बदकाचा पाय नंतर बसवलाय, त्याचे दगड जरा मोठे आहेत. पायांनी आणि घासण्याने दाराशीच झिजते फरशी. कुणीतरी रोज गुडघ्यांवर बसून ही घासत होतं, प्रोकोलो. कोण रे असेल ती?"

ज्याला सगळे बादशहा तोंडपाठ होते, तो होडीची कड धरून पाण्यात लटकत राहिला.

"ते कुणी लिहून ठेवलेलं नाही," तो हळूच म्हणाला.

"मग तू तरी सांगत जा."

मित्रांनो, तिची नजर नाताळाच्याही आधी गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे अजून कुणी चुकूनमाकून येतं. प्रोकोलो त्यांना आधी फरशी घासणाऱ्या बाईबद्दल सांगतो आणि बादशहांकडे मागाहून वळतो.

मला फार शिकवता येत नाही, मी बादलीच. पण जुन्या वस्तू जपा, त्यांच्या काचा पुसा, आणि जे परक्यांना कौतुकाने दाखवता ते घरच्या माणसाला आधी दाखवा. हजारो अनोळखी डोळ्यांनी माझ्यातून ती बदकं पाहिली. ओलिंपियाने एकदाच पाहिली, आणि इतकी वर्षं मी तिच्याच घरात होते.